हरलेल्या पॉलेटची दहा मतं

पॉलेट गावुला सहा मतांनी हरली, हे तिला फायर हॉलच्या, म्हणजे गावच्या आगीच्या बंबाच्या हॉलच्या, दारावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरून कळलं. मे महिन्यातला मंगळवार, आठ वाजले तरी डोंगरामागे उजेड रेंगाळत होता. मतदान संपलं, यंत्राने किराण्याच्या बिलासारखी लांबलचक पट्टी ओकली, केंद्रावरच्या बाईने ती दाराला डकवली, आणि गुळाच्या ढेपेवर मुंग्या तुटून पडाव्यात तशी माणसं त्या पट्टीवर तुटून पडली. ट्रॉय हाफनर दोनशे अकरा. पॉलेट गावुला दोनशे पाच.

“सहा!” तिचा नवरा रॉन डोक्यावरची टोपी काढून परत घालत म्हणाला. “आपल्या खालच्या मायर्सांच्या घरात सात मतं आहेत, आणि सातही जण मासे धरायला गेलेत!”

“मग जाऊ का ओढ्यावर? गळाला लावून आणते एकेकाला.”

बोलली ती हसत, पण ते तेवढ्यापुरतंच. घरी जाताना ट्रकमध्ये तिने रेडिओसुद्धा लावला नाही, आणि पॉलेटने रेडिओ लावला नाही म्हणजे काहीतरी मेलंय, एवढं रॉनला तीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

पॉलेट अठ्ठावन्न वर्षांची. रुंद खांदे, आखूड केस, आणि आवाज असा की बंद काचेतून पलीकडच्या गाडीवाल्याला शिवी ऐकू जावी. सव्वीस हिवाळे तिने टाउनशिपचा, म्हणजे गावपंचायतीचा, बर्फाचा नांगर चालवला, पुढे पातं लावलेला ट्रक. त्याच्या आधी ती शाळेची बस चालवायची. एका जानेवारीत आधीचा नांगरवाला गोठलेल्या पायरीवरून घसरून कंबर मोडून बसला. बाहेर दीड हात बर्फ, आणि गॅरेजात चार बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. पॉलेट आत शिरली आणि म्हणाली, “चावी कुठाय?” मुलाखत, अर्ज, जे काही म्हणाल ते एवढंच. तेव्हापासून पहाटे तीनला उठून मीठ आणि खडी भरायची आणि उजाडायच्या आत डोंगरावरचे सगळे रस्ते मोकळे करायचे, हा तिचा नेम. आयरीन कोस्तिकच्या सुनेला ऐन वादळात कळा सुरू झाल्या तेव्हा अॅम्ब्युलन्स पॉलेटच्या नांगराच्या मागून, तिच्या चाकोरीत चाक ठेवून, डोंगर चढली होती. ते पोर आता नववीत आहे.

खाणी बंद पडून दोन पिढ्या झाल्या, पण खाणकामगारांची घरं डोंगरावर तशीच आहेत. टाउनशिपचा सगळा कारभार निवडून आलेल्या तीन सुपरवायझरांच्या हातात. त्यातला मुख्य डेल हाफनर. याच्या डोक्यात दोन वर्षांपासून एक किडा वळवळत होता: टाउनशिपचे दोन्ही ट्रक विकायचे, गॅरेज विकायचं, आणि बर्फ काढायचं काम खालच्या खोऱ्यातल्या एका कंपनीला द्यायचं. कंपनी मोठा रस्ता आधी साफ करणार, डोंगरावर सवड होईल तेव्हा येणार. दुसरा सुपरवायझर अर्ल, म्हणजे नुसतं दारावरचं तोरण, वारा येईल तिकडे हलणारं. तिसऱ्याची मुदत संपत आलेली. त्या तिसऱ्या खुर्चीवर कोण बसतं, त्यावर ट्रक राहणार की जाणार हे ठरायचं होतं. डेलने पुतण्याला, ट्रॉयला, उभं केलं. आणि पॉलेटने आयुष्यात पहिल्यांदा निवडणुकीचा अर्ज भरला.

आता इथे एक मेख होती. टाउनशिपमध्ये तीस वर्षं एकच पक्ष जिंकत आला, हत्तीच्या निशाणीचा. दुसरे गाढववाले, ते उमेदवारसुद्धा देत नाहीत. त्यामुळे खरी लढत होते ती मेमध्ये, पक्षाच्या आतल्या प्रायमरीत. हत्तीवाल्यांच्या प्रायमरीत जो जिंकला, तो नोव्हेंबरात निवडून आलाच म्हणून समजा. आणि प्रायमरी अशी की ज्याचं नाव ज्या पक्षाच्या वहीत, त्याने त्याच पक्षाची मतपत्रिका घ्यायची. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही.

पॉलेट जन्माने गाढववाली. तिचा बाप वासिल सेमान खाणीत बत्तीस वर्षं राबलेला, युनियनचा माणूस, आणि युनियनवाले सगळे गाढवाच्या बाजूचे. पण वीस वर्षांपूर्वी पॉलेटने विचार केला, वरात ज्या गल्लीतून जाते तिथेच उभं राहावं, आणि नाव हत्तीच्या वहीत घालून आली. म्हातारा ईस्टरपर्यंत तिच्या घरी जेवला नव्हता. वर डोंगरावरची तिची हक्काची माणसं मात्र सगळी गाढवाच्याच वहीत राहिली. तिच्या नांगराच्या भरवशावर जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिला मतच देता येईना.

सहा मतांनी हरली ती अशी.

*

दुसऱ्या दिवशी रॉनने डोकं लढवलं. “अपक्ष उभी राहा की! सह्या गोळा करायच्या, अर्ज भरायचा, नोव्हेंबरात नाव छापून येईल.”

पॉलेटच्या अंगात वारं शिरलं. सह्यांचे कोरे तक्ते घेऊन ती डोंगर चढली आणि दीड दिवसात त्रेसष्ट सह्या घेऊन उतरली. कुणी दारात उभं राहून सही केली, कुणी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता, एकाने तर ट्रकखाली झोपल्या झोपल्या तेलाच्या बोटांनी. शुक्रवारी ती तक्ते काखेत मारून जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत हजर.

काउंटरवर डनीस नावाची बाई होती. तिने तक्त्यावरचं नाव वाचलं, चष्म्यावरून पॉलेटकडे बघितलं आणि तक्ते हातसुद्धा न लावता परत सरकवले.

“प्रायमरीत हरलात ना तुम्ही?”

“सहा मतांनी.”

“सहा काय आणि सहाशे काय, कायद्याला सारखंच. ज्याने प्रायमरीला नाव दिलं आणि हरला, त्याला त्याच खुर्चीसाठी सह्यांचा अर्ज करून परत येता येत नाही. दार बंद.”

“असं कसं बंद? लोकांनी सह्या केल्यात. त्रेसष्ट!”

“तीन हजार आणा. हा रडीच्या डावाचा कायदा आहे, बाई. लहानपणी खेळताना हरलेलं पोर ‘परत, परत, हे धरायचं नाही’ म्हणत भोकाड पसरायचं, तसल्यांसाठी केलेला.”

पॉलेटचे कान तापले. तरी तक्ते तिने परत काखेत मारले. कारण खरं सांगायचं तर ट्रॉय हरून असा सह्या घेऊन आला असता, तर हेच वाक्य तिने भर चौकात त्याला ऐकवलं असतं.

“आणि नोव्हेंबरात लोकांनी हाताने माझं नाव लिहिलं तर?”

“लिहू देत, त्याला बंदी नाही. पण छापलेल्या नावापुढे हाताने लिहिलेलं नाव म्हणजे तुमच्या नांगरापुढे खेळण्यातली गाडी.” डनीसचा आवाज जरा नरमला. “घरी जा. सहा मतं फार लागतात, मला माहितीये. माझा भाऊ दोनने पडला होता.”

घरी येऊन पॉलेटने तक्ते फाडले नाहीत, जाळले नाहीत. टाउनशिपच्या ट्रकचा गिअरबॉक्स ठिबकत होता, त्याच्याखाली नेऊन अंथरले. तेल टिपायला जाड कागद बरा असतो.

*

जूनच्या मध्यावर एका गुरुवारी टपालात जिल्ह्याचा शिक्का मारलेलं पाकीट आलं. पॉलेटला वाटलं, प्रचाराच्या पाट्या काढल्या नाहीत म्हणून दंड असेल. उभ्या उभ्या फोडलं. वाचलं. परत वाचलं. मग ओट्याला टेकून तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं.

टाउनशिप सुपरवायझर या जागेसाठी गाढवाच्या पक्षाच्या प्रायमरीत छापील उमेदवार कोणीच नव्हता. हाताने लिहिलेल्या नावांत सगळ्यात जास्त मतं पॉलेट गावुला यांना. मतं दहा. उमेदवारी मिळायला लागणारी कमीत कमी मतं, दहा. सबब त्या पक्षाची उमेदवारी आपणास मिळाली आहे. मान्य असल्यास नोटरीसमोर सही करून दहा दिवसांत कळवावे.

“रॉन!” ती इतक्या जोराने ओरडली की मागच्या अंगणातला कुत्रा भुंकत रस्त्यावर पळाला. “रॉन, मी गाढव झाले!”

“आत्ता कळलं?” रॉन परसातून म्हणाला.

पण ती ऐकायला थांबलीच नव्हती. ट्रकची चावी घेऊन ती थेट चर्चच्या तळघरात निघाली. गुरुवार होता, आणि गुरुवारी सकाळी चर्चच्या बायका तिथे पिरोगी करतात. शुक्रवारी विकायच्या असतात, चर्चचं छप्पर त्याच्यावर चाललंय. बटाटा-चीजचे गोळे वळायचे, लाटलेल्या चकतीत ठेवायचे, आणि करंजीला मुरड घालावी तशी बोटांनी कड चिमटत जायची. पॉलेटही हिवाळा सोडून दर गुरुवारी तिथे असायची, पण हरल्यापासून महिनाभर फिरकली नव्हती.

तळघरात वाफ, कांद्याचा वास, आणि नऊ बायका. मधोमध वेरना दुदाश, वय एक्क्याऐंशी. सगळं गाव तिला तेता म्हणतं, म्हणजे मावशी, आणि मावशीचा मान ती मुलाहिजा न ठेवता वसूल करते.

“आली बया!” तेता म्हणाली. “म्हैनाभर तोंड लपवून बसलीस. हात धू आनि चिमट.”

पॉलेटने पत्र पिठाच्या टेबलावर आपटलं. “हे काय केलंत तुम्ही?”

आयरीन कोस्तिकने हात पुसून पत्र उचललं, आणि वाचता वाचता तिचा खालचा ओठ लोंबायला लागला. “तेता... हे मोजतात!”

“काय मोजत्यात?”

“आपण लिहिलेली नावं. खरंच मोजतात!”

मग जे बाहेर आलं ते असं. प्रायमरीच्या आधीच्या गुरुवारी, पॉलेट प्रचाराला बाहेर होती तेव्हा, चिमटता चिमटता तेता म्हणाली होती, की पॉलेटला आपल्याला मत देता येत नाही. पण आपल्या पत्रिकेत सुपरवायझरच्या जागी कोणीच नाही, नुसती रेघ. ताटात मीठ वाढायचं राहिल्यागत दिसतं ते. त्या रेघेवर पोरीचं नाव लिहू. उपयोग नाही काही, पण जिवाला बरं. आणि नऊच्या नऊ जणींनी लिहिलं. चर्चमध्ये मेणबत्ती लावावी तसं. ती मेणबत्ती कुणी मोजत असेल असं एकीच्याही डोक्यात आलं नाही.

“मग मला सांगायचं तरी!”

“काय सांगायचं?” आयरीन म्हणाली. “तू सहाने पडलीस. त्यात ‘आम्ही तुला नऊ फुकटची मतं दिली’ म्हणून सांगितलं असतं तर लाटणं घेऊन धावली असतीस अंगावर.”

“नऊ?” पॉलेट थबकली. “इथं दहा लिहिलंय.”

सगळ्या जणींनी एकमेकींकडे बघितलं. परत मोजलं. तेताने पिठाळ बोटाने एकेकीच्या छातीवर ठिपका देत मोजलं. नऊच.

“मग धावं कुनाचं?”

दहावं कुणाचं, ते आजतागायत कळलेलं नाही. पण त्याशिवाय पत्र आलंच नसतं, हे तळघरातून बाहेर पडताच अर्ध्या तासात गावभर झालं, आणि रविवारपर्यंत ‘दहावा मीच’ म्हणणारे चाळीस जण निघाले. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, मी. न्हावी म्हणाला, मी, फक्त कुणाला सांगू नका. फायर हॉलमधल्या एकाने तर शपथ घेतली, आणि तो गेली बारा वर्षं हत्तीच्या वहीत होता.

*

पॉलेट बापाकडे गेली तेव्हा वासिल टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. सत्त्याऐंशीतला म्हातारा, फुफ्फुसात खाणीची धूळ, दोन वाक्यांमध्ये एक धाप. तिने पत्र वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला, मग बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

“म्हंजे आता तू आमची उमेदवार?”

“सही केली तर.”

“वीस वर्सं हत्तीच्या शेपटाला धरून हिंडलीस, आनि आता गाढवानं पाठीवर घेतली व्हय!” तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, खोकता खोकताही हसत राहिला.

“पॉप, दहावं मत तुमचं होतं का?”

म्हाताऱ्याने हसू आवरलं. “न्हाई. म्या रेघ कोरी सोडली. हातात पेन हुतं, पर म्हनलं, हत्तीवालीचं नाव म्या का लिहू? कोरी सोडली.” त्याने काठीची गाठ उगाच परत आवळली. “लिहिलं असतं तर अकरा झाली असती.”

पॉलेटने पुढच्या रोपाशी काठी रोवली. मग मनातलं बोललीच. “पॉप, मी सही करू का? मी हरले ते हरले. लोकं म्हणतील, पुढच्या दाराने हाकलली तर मागच्या दाराने शिरली. डनीस म्हणाली तसा रडीचा डाव.”

“तू मागितलीस का ती मतं?”

“मला माहीतसुद्धा नव्हतं.”

“मंग कसली रडी? हरल्यालं पोर परत डाव मागतंय, त्याला रडी म्हनत्यात. तुला दुसऱ्या अंगनातल्यांनी हाक मारली, ‘ये गं, आमच्याकडनं खेळ.’ हाकेला व्हय म्हनायला लाज कसली?” धाप. “आनि बर्फ हत्ती-गाढव बघून पडतो का?”

खालच्या रस्त्यावर गाड्यांच्या नंबरपाट्या काढून देणारं दुकान आहे, नोटरी तिथेच बसतो. पॉलेटने त्याच दिवशी सही केली. नोटरीने शिक्का मारला आणि हळूच म्हणाला, “खरं सांगू? तो दहावा मी.”

*

डेल हाफनर गप्प बसणारा नव्हताच. जुलैत त्याने हरकत घेतली, आणि प्रकरण जिल्ह्याच्या न्यायाधीशापुढे गेलं. दगडी कोर्ट, उंच छत, आणि बाकांवर पिरोगीवाल्या नऊ जणी रांगेत, रविवारचे कपडे घालून. वासिल युनियनची टोपी घालून आला होता. शिपायाने काढायला लावली तर मांडीवर ठेवून तिच्यावर हात ठेवून बसला.

डेलचा वकील चांगला बोलका होता. “साहेब, कायदा साधा आहे. प्रायमरीत जो हरला, त्याने त्याच खुर्चीसाठी परत यायचं नाही. या बाई हरल्या. त्यांना हार पचली नाही. दुसऱ्याच दिवशी त्या सह्या गोळा करत फिरल्या, हे बघा.” त्याने फोटो पुढे केला. पॉलेट कुंपणापाशी, हातात तक्ता, समोर सही करणारा माणूस. “आणि ते जमलं नाही म्हणून हा दुसरा मार्ग. हे सगळं ठरवून केलेलं आहे.”

पॉलेट उठून उभी राहिली. तिच्या स्वतःच्या वकिलाने शिकवलेलं सगळं डोक्यातून उडालं. न्यायाधीशाने विचारलं, “सह्या गोळा केल्या होत्या?”

“केल्या, साहेब. त्रेसष्ट. मला कायदा माहीत नव्हता.”

“दाखल केल्या?”

“नाही. कचेरीतल्या बाईने सांगितलं चालत नाही, म्हणून परत आणल्या.”

“आता कुठे आहेत ते तक्ते?”

“गिअरबॉक्सखाली.”

“कशाखाली?”

“ट्रकच्या गिअरबॉक्सखाली, साहेब. ठिबकतो तो. नवीन सील मागून दोन वर्षं झाली, हे हाफनर साहेब मंजूर करत नाहीत.”

बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशाने पेन तोंडावर धरलं. डेलची मान लाल झाली.

मग तेता वेरनाला उभं केलं. डेलचा वकील गोड आवाजात म्हणाला, “आजी, पॉलेटचं नाव लिहा असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मला?” तेताने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बाळा, माझ्या नवऱ्यानं बावन्न वर्सं मला सांगून बघितलं. यकदा बी ऐकलं न्हाई. त्यो गेला बिचारा दमून.”

“म्हणजे कुणीच नाही?”

“कुनीच न्हाई. आनि तिनं तर न्हाईच. तिला कळलं तेव्हा ती आमच्या अंगावर वरडली. ह्ये बघा, पिठावर पत्र आपटलं, आमचा अर्धा किलो मैदा खाली गेला.”

“तुम्हाला माहीत होतं की ती तुमच्या पक्षाची नाही?”

“माहीत हुतं की. पर माझा डोंगुर तिच्या पक्षाचा न्हाई, आनि तरी सव्वीस वर्सं ती तो झाडतीया. तवा कुनी इचारलं व्हतं?”

न्यायाधीशाने वकिलाला बसायला सांगितलं. मग तो पुढचे कागद एकेक करून उलटत गेला.  आयरीनने मागून पॉलेटचा दंड धरला होता आणि नखं रुतत होती.

“कायदा असा आहे,” न्यायाधीश म्हणाला, “की हरलेल्याने स्वतः अर्ज घेऊन दुसऱ्या दाराने आत यायचं नाही. हे दार बंदच राहील, आणि राहावं. नाहीतर प्रायमरीला अर्थ काय? पण गावुलाबाई त्या दाराने आल्या नाहीत. दुसऱ्या पक्षाच्या मतदारांनी, आपल्याच प्रायमरीत, आपल्याच पत्रिकेवर, आपल्याच हाताने हे नाव लिहिलं. लागणारी मतं दहा, पडलेली दहा. कुणाचं नाव लिहायचं हा त्यांचा हक्क आहे, आणि हरलेल्या माणसाचं नाव लिहू नये असं कायद्यात मला कुठे सापडत नाही. हरकत फेटाळली. नाव छापा.”

 मग तेताने टाळी वाजवली, आणि त्या दगडी खोलीत नऊ बायकांनी असा गलका केला की शिपाई दार उघडून आत धावला. वासिलने टोपी परत डोक्यावर चढवली. या वेळी शिपायाने बघून न बघितल्यासारखं केलं.

*

उन्हाळा, मग शरद. पॉलेट घराघरातून हिंडली. गाढवाच्या तिकिटावर उभी, आणि नाव अजून हत्तीच्याच वहीत. कुणी विचारलं, “नक्की कुणाची तू?” तर म्हणायची, “ज्याच्या दारात बर्फ साचतो त्याची.” ट्रॉय वाईट पोरगा नव्हता, काकाच्या सावलीतला होता. एकदा दुकानात भेटला तर म्हणाला, “पॉलेट, राग नको धरू.” ती म्हणाली, “राग कसला रे. तुझ्या आईच्या रस्त्याला पण मीच मीठ टाकते.” तो कानापर्यंत लाल झाला.

मायर्सांच्या सातही जणांना रॉनने तीनदा बजावलं, नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी हरीण येऊ दे नाहीतर सोन्याची मासोळी येऊ दे, आधी मत. सातही जण सकाळी सातला रांगेत उभे होते, शिकारीच्या नारिंगी बंड्या घालून.

आकडे कळले तेव्हा पॉलेट तळघरात मोठाली पातेली घासत होती. घरी बसवत नव्हतं, हॉलवर जायचा धीर नव्हता. जिन्यावरून आयरीन धडधडत उतरली, खाली पोचली, आणि रडायलाच लागली.

“हरले?” पॉलेटच्या हातातला काथ्या थांबला.

आयरीनने नकारार्थी मान हलवली.

“अगं मग? बोल ना!”

“तीनशे...” हुंदका. “तीनशे एकोणनव्वद तू. तीनशे बावन्न तो.”

पॉलेट साबणाच्या हातांनी तशीच पातेल्यावर बसली. पातेलं वाजलं, आणि मग ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला गेली तर डोळ्यांत साबण. “आग! आग! पाणी दे!” ओरडत ती नळाखाली डोकं घालून उभी राहिली, तरी हसतच होती.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी नव्या सुपरवायझरांची पहिली बैठक भरली. शपथ झाली. एरवी या बैठकीला चार माणसं आणि एक झोपाळू वार्ताहर असतो. त्या दिवशी खुर्च्या संपल्या, लोक भिंतींना टेकून उभे राहिले, दार लागेना. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती.

डेलने वेळ घालवला नाही. “टाउनशिपचे दोन ट्रक आणि गॅरेज विक्रीला काढावं, असा ठराव मी मांडतो. अर्ल, तुझं अनुमोदन?”

अर्लने घसा साफ केला. तो आधी डेलकडे बघत होता, मग खुर्च्यांकडे, मग भिंतीकडे. पहिल्या रांगेत नऊ बायका हातांची घडी घालून बसल्या होत्या. तेताने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, लहान पोराला जेवायला बोलवावं तशी.

“माझा... चर्चेला पाठिंबा,” अर्ल म्हणाला.

“चर्चेला नाही, ठरावाला विचारतोय.”

“हो, पण आधी मत घेऊ.”

“घ्या. मी, बाजूने.” डेलने पॉलेटकडे न बघता विचारलं, “गावुला?”

“विरोध,” पॉलेट म्हणाली. सव्वीस वर्षं इंजिनाच्या वरताण ओरडणारा तो आवाज, पण शब्द एवढासा निघाला. म्हणून तिने परत म्हटलं, खिडकीची काच थरथरेल असं. “विरोध!”

“अर्ल?”

अर्लने खिडकीबाहेर बघितलं. भुरभुर दाट व्हायला लागली होती. त्याचं स्वतःचं घर डोंगरावर, शेवटच्या वळणाच्या पलीकडे होतं.

“विरोध,” तो म्हणाला, आणि आपल्याच तोंडातून हे निघालं यावर विश्वास बसत नसल्यागत लगेच पाणी प्यायला.

मग जो कल्ला उठला त्यात वासिलची खरखरीत आरोळी सगळ्यांच्या वर गेली. डेलने टेबलावर तीनदा हातोडी आपटली. चौथ्यांदा आपटली तेव्हा लोक खाली बसले.

“पुढचा विषय,” तो दात आवळून म्हणाला.

“मीठ,” पॉलेटने समोरचा कागद सरळ केला. “ऐंशी टन. आणि त्याच यादीत एक गिअरबॉक्सचं सील लिहा. मत लवकर घ्या डेल, मला अर्ध्या तासात निघायचंय, वरचा रस्ता पांढरा झालाय.”